चेंडू चालला, कर्णधारपद चालले नाही!

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर पट्ट्यात थंडीचे दिवस सुरू झाले की मैदानांवर टेनिस चेंडूच्या स्पर्धांचे मांडव पडतात. एमआयडीसीतील कारखान्यांचे संघ, गल्लीबोळातील मंडळांचे संघ, अलीकडच्या काळात तर लिलावात बोली लावून उभे केलेले संघ. खेळाडू निवडताना मालक आणि व्यवस्थापक मंडळी रात्र रात्र खल करीत बसतात. फलंदाज किती घ्यायचे, शेवटचे षटक कोण टाकणार आणि नाणेफेकीला कोणाला पाठवायचे, या प्रश्नांची उत्तरे देण्यात त्यांची सारी हुशारी पणाला लागते. कोणाची जात कोणती, हा प्रश्न या हिशेबात उघडपणे तरी कोणी काढत नाही. भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळात मात्र संघबांधणीचा पहिला प्रश्न तोच होता. तो ज्याच्या नावाने सर्वप्रथम आणि सर्वांत तीव्रतेने उभा राहिला, तो खेळाडू म्हणजे डावखुरा फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर.

भारतीय क्रिकेटमधील पहिला खऱ्या अर्थाने महान गोलंदाज म्हणून इतिहासकार बाळूंचे नाव घेतात. इंग्लंडचे ख्यातनाम डावखुरे फिरकी गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी त्यांची तुलना होत असे. प्रथम श्रेणीच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, तेही १५.२१ च्या सरासरीने. असा गोलंदाज हाताशी असलेल्या संघाने त्याला डोक्यावर घ्यायला हवे होते. प्रत्यक्षात त्याला संघात घ्यावे की नाही, घेतले तर चहा कोणत्या भांड्यातून द्यावा आणि संघाचे नेतृत्व त्याच्याकडे सोपवावे की नाही, यावर जवळजवळ पाव शतक वाद चालला.

पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आलेले. कुटुंब चर्मकार समाजातील, म्हणजे त्या काळच्या व्यवहारात अस्पृश्य मानले गेलेले. बाळूंचा जन्म १८७५ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यानंतर थोड्याच काळात कुटुंब पुण्यात आले. वडील लष्कराशी संबंधित नोकरीत होते. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हा खेळ शिकले. शिवरामांच्या पाठोपाठ गणपत आणि विठ्ठल हे दोघे भाऊही क्रिकेटपटू झाले. एका घरातील चार भाऊ वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले, ही गोष्ट आजही दुर्मीळ आहे. त्या काळी, त्या परिस्थितीतून आलेल्या घराबाबत तर ती अचंब्याचीच म्हणावी लागेल.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या मैदानावरची. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा आणि सभासदांना वेळ असेल तेव्हा चेंडू टाकायचे, असे काम. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये लागले. तिथेही कामाचे स्वरूप तेच होते. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे आणि टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारणे. मात्र येथे त्यांना एक मोठा गिऱ्हाईक भेटला. जॉन ग्लेनी ग्रेग हे मुंबई इलाख्यातील गोऱ्यांच्या संघाचे सर्वांत भरवशाचे फलंदाज. इंग्लंडात ते हॅम्पशायर परगण्याकडूनही खेळले. (सैन्यातून निवृत्त झाल्यावर हेच ग्रेग इंग्लंडात कॅथलिक धर्मगुरू झाले.) ग्रेगसाहेब इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावीत. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस ते देत असत, अशी आख्यायिका आहे. त्या बक्षिसाच्या गोष्टीत तथ्य किती हा भाग वेगळा. पण शेकडो तासांच्या या सरावातून बाळूंची गोलंदाजी घडली, यात शंका नाही. टप्पा अचूक, चेंडूला उंची देण्याची कला अवगत आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळविण्याची हातोटी. एक गोष्ट मात्र या सरावात कधीच घडली नाही. बाळूंच्या हाती कोणी बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम, फलंदाजी हा साहेबाचा मान, अशी ती वाटणी होती.

पुण्यातील हिंदूंच्या क्रिकेट संघाला त्या वेळी गोऱ्यांच्या संघावर मात करायची होती. संघात फलंदाज होते, परंतु सामना जिंकून देणारा गोलंदाज नव्हता. तो गोलंदाज शहरातच, पूना क्लबच्या मैदानावर रोलर ओढत होता. त्याला घ्यावे की घेऊ नये, यावरून संघात दोन तट पडले. काही सभासद अनुकूल होते, तर काही कर्मठ मंडळींचा विरोध होता. अखेर ग्रेग यांनीच वृत्तपत्रातून मत मांडले, की असा गोलंदाज दूर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. साहेबाच्या शिफारशीमुळे असो वा जिंकण्याच्या हव्यासामुळे, बाळूंचा संघात प्रवेश झाला.

हा प्रवेश अर्धवट होता. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सारे झेलत. खेळ थांबला की नियम बदलत. इतर खेळाडू आत बसून चिनीमातीच्या कपातून चहा घेत, तर बाळूंना बाहेर, एकदा वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. तोंड धुवायचे झाल्यास त्यांच्याच समाजातील एखादा नोकर कोपऱ्यात पाणी ओतून देई. जेवणाचे ताटही वेगळे आणि जागाही वेगळी. एकाच सामन्यात, एकाच संघात, काही तासांच्या अंतराने हे दोन वेगवेगळे व्यवहार चालत आणि त्यात विसंगती आहे असे बहुतेकांना वाटतही नसे.

बाळूंच्या गोलंदाजीच्या जोरावर पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांना हरविले. त्यानंतर साताऱ्याच्या जिमखान्याशी झालेला सामना विशेष गाजला. साताऱ्याच्या गोऱ्या मंडळींनी बाळूंची धार बोथट करण्यासाठी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी गुळगुळीत करून ठेवली होती, असे सांगतात. त्या खेळपट्टीवरही बाळूंनी सात बळी घेतले. हा विजय पुण्यातील सुधारकांच्या नजरेत भरला. मैदानावर ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर जेवायला बसण्यास हरकत कोणती, असा सरळ सवाल न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी केला आणि जाहीर समारंभात बाळूंच्या गळ्यात हार घातला. पुढे लोकमान्य टिळकांनीही एका सभेत त्यांचा गौरव केला. रानडे आणि टिळक यांचे सामाजिक प्रश्नांवर किती पटत असे हे सर्वश्रुत आहे. एका गोलंदाजाबाबत मात्र दोघांचे एकमत झाले.

१८९६ च्या अखेरीस मुंबई आणि पुण्यात प्लेगने थैमान घातले. या धामधुमीत बाळू मुंबईस आले. तिथेही संघप्रवेशाचे तेच नाट्य पुन्हा घडले. १८९४ साली स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यास काही सभासदांचा विरोध होता. कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला, तेव्हा तो मावळला. उदरनिर्वाहासाठी बाळूंनी रेल्वेत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. खेळाच्या बळावर नोकरी आणि नोकरीच्या आधारावर खेळ ही कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या क्रिकेटची रीत मुंबईत पुढे चांगलीच रुजली. बाळू हे तिच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांपैकी एक.

मुंबईच्या क्रिकेटची घडी त्या काळी धर्मानुसार बसविलेली होती. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात सामने होत असत. हिंदूंना या पंक्तीत स्थान मिळाले ते नंतर. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. बाळूंच्या फिरकीपुढे गोऱ्या फलंदाजांना तग धरता आला नाही. शिवरामही या संघात होते. हिंदू १०९ धावांनी जिंकले. त्याच्या आदल्याच वर्षी जपानने रशियाचा पराभव केला होता आणि बंगालच्या फाळणीने देश पेटला होता. त्यामुळे या विजयाला नुसत्या खेळापलीकडचा अर्थ प्राप्त झाला. विशेष म्हणजे सुधारकी वृत्तपत्रांनी विजयाचे श्रेय संघाच्या घडणीला दिले. वेगवेगळ्या जातींचे खेळाडू गुणांवर एकत्र घेतले, म्हणून हा संघ जिंकला, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९०७ साली हिंदू, पारशी व युरोपियन यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुस्लिम संघ आला आणि स्पर्धा चौरंगी झाली.

१९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्या संघाची रचना पाहिली की त्या काळी संघ कसे बांधले जात, हे पुरेपूर कळते. सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि कर्णधार म्हणून पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. प्रत्येक समाजाला त्याचा वाटा मिळाला होता आणि नेतृत्व राजघराण्याकडे गेले होते. महाराज इंग्लंडात पोहोचल्यावर मोजकेच सामने खेळले. समारंभ आणि मेजवान्या यांतच ते अधिक रमले. जाताना त्यांनी संघातील उत्तम फलंदाज केकी मिस्त्री यांनाही आपले चिटणीस म्हणून बरोबर नेले. संघाचा सारा भार पडला तो बाळूंच्या खांद्यावर, आणि तो खांदा त्या उन्हाळ्यात दुखत होता.

तशाही स्थितीत बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. सरासरी १८.८४. प्रथम श्रेणीचे सामने तेवढे धरले तर ७५ बळी भरतात. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले आणि सहा जिंकले. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन परगण्यांवरील विजय त्यांत होते. सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी झुंजार शतक ठोकले. दुसऱ्या बाजूने साथ देणारा आणखी एक भरवशाचा गोलंदाज संघात असता, तर हारजितीचा आकडा असा दिसला नसता. तरीही दौऱ्याचा नायक कोण, याविषयी दुमत नव्हते. बाळू मुंबईस परतले तेव्हा दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. या प्रसंगीचे मानपत्र लिहिणारा तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर, असे नोंदविले गेले आहे. पुढे ज्यांच्या मागे लाखो लोक उभे राहिले, त्या बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत समाजाचा अभिमान जागविणारे सर्वांत मोठे नाव बाळूंचे होते.

इथवरची कथा ही एका दरवाजाची आहे. बाळूंनी तो चेंडूच्या जोरावर उघडला. पण आत आणखी एक दरवाजा होता आणि तो काही केल्या उघडेना. हिंदू संघाच्या कर्णधारपदासाठी १९१० नंतर जवळजवळ दरवर्षी बाळूंचे नाव चर्चेत येई आणि बाजूला पडे. अनुभव, वय, कामगिरी यांपैकी कोणत्याही निकषावर त्यांच्या जवळपास येईल असा खेळाडू संघात नव्हता. ११ खेळाडूंत जागा मिळणे ही गरजेची गोष्ट होती. कर्णधारपद ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. गरजेपोटी समाज बराच उदार होतो, प्रतिष्ठा मात्र घट्ट धरून ठेवतो. १९१३ साली एम. डी. पै यांना कर्णधार नेमले, तेव्हा सत्काराला उत्तर देताना खुद्द पै यांनीच जाहीरपणे सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी असलेल्या बाळूंना मिळायला हवा होता. पै सारस्वत ब्राह्मण होते. त्यांच्या या दिलदारपणाचे कौतुक पुष्कळ झाले. निवड समितीने मात्र आपले धोरण बदलले नाही.

वाद विकोपाला गेला तो १९२० साली. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांसाठी निवड समितीने बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी पडल्याने कर्णधारपद पुण्याचे तरुण खेळाडू दिनकर बळवंत देवधर यांना देण्यात आले. देवधरांची गुणवत्ता पुढच्या काळात निर्विवादपणे सिद्ध झाली, परंतु त्या वेळी ते शिवराम आणि विठ्ठल या दोघांनाही कनिष्ठ होते. बाळूंना वयाच्या कारणाने वगळले असे एक वेळ मानले, तरी ज्येष्ठ असलेल्या त्यांच्या भावांना डावलण्याचे कारण कोणते? पालवणकर बंधूंनी हा प्रश्न खासगीत विचारला नाही. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे आपल्याला डावलले जाते, असे जाहीर पत्रक काढले. एखाद्या भारतीय खेळाडूने निवड समितीविरुद्ध तत्त्वासाठी पुकारलेला हा बहुधा पहिलाच संप असावा.

काळही बदलला होता. असहकाराची चळवळ सुरू होती आणि अस्पृश्यता निवारणाचा विषय महात्मा गांधींनी राष्ट्रीय सभेच्या कार्यक्रमात आणला होता. मुंबईतील लोकमत पालवणकर बंधूंच्या बाजूने झुकले. जिमखान्याला नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावले, उपकर्णधार केले आणि भाऊही परतले. पै बरे होऊन कर्णधार म्हणून मैदानात उतरले होते. सामन्यात काही काळ ते मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. क्षेत्ररक्षकांना इकडून तिकडे हलविणारे, गोलंदाज बदलणारे बाळू त्या दिवशी हजारो प्रेक्षकांनी पाहिले. हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले ते एवढेच. पंचेचाळिशीत पोहोचलेल्या बाळूंची चौरंगी सामन्यांतील कारकीर्द त्यानंतर संपली.

दुसरा दरवाजा उघडला तो १९२३ साली. धाकटे बंधू विठ्ठल हे तोवर हिंदूंचे आघाडीचे फलंदाज बनले होते. त्या वर्षी कर्णधारपद त्यांच्याकडे आले. अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला आणि उच्चवर्णीय प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरवले. विठ्ठल यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझे क्रीडा-जीवन’ या आत्मचरित्रात आपल्या कारकिर्दीची हकिगत लिहून ठेवली आहे. मराठीतील हे क्रीडाविषयक पुस्तक आज सहजासहजी मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

खेळ सोडल्यावर बाळू सार्वजनिक जीवनात आले. तिथे त्यांचा मार्ग आंबेडकरांपेक्षा वेगळा झाला. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळूंनी मद्रासचे एम. सी. राजा यांच्याप्रमाणे संयुक्त मतदारसंघांचा पक्ष घेतला. गांधीजींच्या येरवड्यातील उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत बाळूही होते. दुसऱ्या वर्षी हिंदू महासभेच्या वतीने त्यांनी मुंबई महापालिकेची निवडणूक लढविली आणि ते हरले. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांसमोर उभे केले. बाळू स्वतः या लढतीसाठी फारसे उत्सुक नव्हते. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, तर बाळूंना ११,२२५. बाबासाहेबांसारख्या नेत्याशी लढताना अवघ्या दोन हजार मतांनी हरणे, यातून मैदानावरील त्या नावाची पुण्याई तोवर किती टिकून होती, हे दिसते. मात्र पक्षाने या वेळीही त्यांचे नाव आपल्या सोयीसाठी वापरले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आंबेडकरांच्या अनुयायांना बाळूंची ही भूमिका रुचली नाही आणि दलित चळवळीच्या स्मृतीतून त्यांचे नाव हळूहळू मागे पडले. क्रिकेटच्या इतिहासातही तेच झाले. १९३२ साली भारताचा पहिला कसोटी सामना झाला आणि त्याआधीच्या खेळाडूंचे पराक्रम आकड्यांच्या जुन्या वह्यांत राहिले. धर्मावर आधारलेले सामनेही १९४६ च्या आरंभी कायमचे थांबले. पुढे २००२ साली रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला, तेव्हा पालवणकर बंधूंची कहाणी नव्या पिढीसमोर आली.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. सांताक्रूझ येथे झालेल्या त्यांच्या अंत्यसंस्काराला जुने क्रिकेटपटू आणि राजकीय पुढारी, दोन्ही क्षेत्रांतील मंडळी आवर्जून आली होती. त्याच वर्षी अस्पृश्यतेचे आचरण गुन्हा ठरविणारा कायदा संसदेने संमत केला होता आणि तो १ जूनपासून अमलात आला होता.